एफवायचे देणे टीवायच्या माथी

पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलाला घरात आणि कॉलेजच्या कट्ट्यावर एक सल्ला हमखास मिळतो. एफवायला पास झालास तरी पुरे, खरा अभ्यास टीवायला. हा सल्ला देणारे काका, मामा किंवा सीनियर त्याचे वाईट चिंतत नसतात. त्यांच्या काळात तो सल्ला बरोबरच होता. वार्षिक परीक्षा होत्या तेव्हा कित्येक विद्यापीठांत पदवीचा वर्ग शेवटच्या, फार तर शेवटच्या दोन वर्षांच्या गुणांवर ठरे. एफवायचे गुण एसवायला जाण्यापुरते. पदवीच्या प्रमाणपत्रापर्यंत ते पोहोचतच नसत. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून क्रेडिट आणि श्रेणींची सत्रपद्धत आणली, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये देशभरासाठी दहा पॉइंटांची श्रेणी सुचवली आणि २०२३ पासून नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर राज्यातल्या इतर महाविद्यालयांतही क्रेडिटचीच भाषा रुळली. नियम मुळापासून बदलला. सल्ला मात्र तोच राहिला. सीजीपीएच्या बाबतीत आपली विद्यापीठे मुलांचे सर्वांत मोठे नुकसान कठीण पेपर काढून करत नाहीत. हिशेबाची रीत वेळेत न सांगून आणि पहिल्या सत्रातली चूक भरून काढायला जागा न ठेवून करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

रीत अवघड नाही. प्रत्येक विषयाला क्रेडिट असतात. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एका सत्रात साधारण १५ तास, त्याचे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट वेळ लागतो. विषयात मिळालेल्या गुणांवरून श्रेणी आणि श्रेणीवरून ग्रेड पॉइंट ठरतात. आयोगाच्या कोष्टकात ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, असे उतरत काठावर पास होणाऱ्याला ४ आणि नापासाला शून्य. क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, त्यांची बेरीज, तिला एकूण क्रेडिटने भागले की त्या सत्राचा एसजीपीए निघतो. सगळी सत्रे मिळून तीच क्रिया केली की सीजीपीए. मुंबईकडची इंजिनीअरिंगची मुले त्याला नुसते ‘पॉइंटर’ म्हणतात. सातवीतल्या मुलाला जमेल एवढेच हे गणित. पण त्यातली एक गोष्ट सूत्र पाठ करून ध्यानात येत नाही, आकडे मांडल्यावरच येते : ही सरासरी जितकी जुनी होते तितकी ती हलेनाशी होते.

आता आकडेच मांडू. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची, दर सत्राला २२ क्रेडिट, आणि विद्यार्थ्याला शेवटी ७.५ सीजीपीए हवा आहे असे धरू. हा ७.५ हवेतला नाही. चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स करायचे तर आयोगाने पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्क्यांची अट घातली आहे. २०२२ च्या पीएचडी नियमांत चार वर्षांच्या पदवीवरून थेट पीएचडीला जाणाऱ्यालाही ७५ टक्के किंवा त्या तोडीची श्रेणी लागते. ही तोड सरळ दहाने भागून काढली तर ७.५. आता पहिल्या सत्रात ६ पडले, तर उरलेल्या पाच सत्रांत सरासरी ७.८ हवी. जमण्यासारखे आहे. पहिली दोन्ही सत्रे ६ वर गेली, तर पुढच्या चारांत ८.२५ लागते, मेहनती मुलाला हेही जमेल. तीन सत्रे ६ वर गेली, तर उरलेल्या तिन्हींत ९. चार सत्रे गेली, तर शेवटच्या वर्षात १०.५ लागेल, आणि कमाल मर्यादाच १० ची. म्हणजे टीवायला ‘खरा अभ्यास’ करायला बसलेला मुलगा वर्षारंभीच हरलेला असतो, आणि ते त्याला ठाऊकही नसते. रात्री जागून, क्लास लावून, प्रत्येक विषयात सर्वोच्च श्रेणी मिळवूनही त्याचा आकडा ७.३३ वर थांबतो. ज्याने हेच कष्ट दीड वर्ष आधी घेतले असते तो सहज पार झाला असता.

विषयांच्या वाटणीतही असाच एक खड्डा आहे. राज्यातल्या नव्या आराखड्यात पहिल्या सत्रात बहुतेक ठिकाणी मेजर विषयाला सहा क्रेडिट, आणि उरलेली १६ क्रेडिट दोन-दोनच्या आठ विषयांत : दोन ओपन इलेक्टिव्ह, व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवृद्धी, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा आणि सहअभ्यासक्रम. मुलांचा आणि खरे सांगायचे तर बऱ्याच प्राध्यापकांचाही जीव मेजरमध्ये असतो. बाकीचे विषय ‘ते काय, होऊन जातात’ म्हणून सोडून दिले जातात. त्यांचे तास बुडवायचेच असतात असा एक अलिखित संकेत पडला आहे. पण हिशेब उलटा आहे. मेजरच्या सगळ्या सहा क्रेडिटमध्ये एक-एक पायरी वर गेलात तर त्या सत्राचा एसजीपीए ०.२७ ने वाढतो. दोन क्रेडिटच्या आठही विषयांत एक-एक पायरी वर गेलात तर ०.७३ ने. ज्ञानाच्या दृष्टीने मेजर मोठा, यात वाद नाही. पण निकालपत्राला ज्ञानाची थोरवी कळत नाही, क्रेडिट कळतात. पन्नास गुणांच्या ज्या पेपराला विद्यार्थी आदल्या रात्री गाइड चाळून जातो, त्या पेपरांनीच त्याचा पहिल्या वर्षाचा आकडा ठरत असतो. इतके छोटे विषय एका सत्रात कोंबणे शहाणपणाचे आहे का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते त्याचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. पण आराखडा आहे तोवर मुलांना तो समजला पाहिजे.

तिसरी गोष्ट पायऱ्यांची. टक्केवारीच्या काळात ६९ आणि ७० मध्ये एका गुणाचेच अंतर होते. श्रेणीत ७० ला पायरी असेल, तर ६९ वाला आणि ६० वाला एकाच पायरीवर उभे राहतात आणि ७० वाला पुरा एक पॉइंट वर. चार क्रेडिटच्या विषयात हा एक गुण त्या सत्राच्या एसजीपीएत ०.१८ एवढा पडतो. म्हणून अंतर्गत गुणांकडे कानाडोळा परवडत नाही. कुठे ३०-७० अशी, कुठे ४०-६० अशी वाटणी असते. ४०-६० मध्ये ज्याचे अंतर्गत ३४ झाले त्याला सत्तरच्या पायरीसाठी लेखी परीक्षेत ६० पैकी ३६ पुरतात. जर्नल वेळेत दिले नाही, एक चाचणी बुडवली आणि २२ वर अडकला, त्याला तीच पायरी चढायला ४८ लागतात. एकाच वर्गातल्या दोन मुलांत ही तफावत ऑक्टोबरात पडलेली असते, पेपर सुरू होण्याच्या आधी. निकाल लागल्यावर पायरीच्या एक-दोन गुण खाली असलेल्या विषयाची उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवणे आणि पाच गुणांनी खाली असलेल्या विषयाचे नाव न घेणे, हे साधे शहाणपणही बहुतेकांना सहाव्या सत्रात सुचते. तोवर अर्जाची मुदत टळलेली असते.

हे सगळे न कळल्याचा फटका सर्वांना सारखा बसत नाही, आणि इथेच हा प्रश्न वैयक्तिक आळसाचा राहत नाही. ज्याच्या घरात कुणी नुकतेच पदवीधर झाले आहे, ज्याची ताई मागच्याच वर्षी प्लेसमेंटच्या रांगेतून गेली आहे, त्याला पहिल्याच आठवड्यात जेवताना हे सांगितले जाते. ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तोच पहिला, त्याला जुना सल्ला मिळतो किंवा काहीच मिळत नाही. त्यात पहिले सत्र त्याच्यासाठीच सर्वांत खडतर. बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलासमोर एकदम इंग्रजी पुस्तक येते. विषय समजतो, पण पाच गुणांचे उत्तर इंग्रजीत बांधता येत नाही. गाव सोडून शहरात खोली बघायची, हॉस्टेलची यादी लागायची वाट पाहायची, मेसचे जुळवायचे, यात जुलै-ऑगस्ट निघून जातात. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिले सत्र आणखी आक्रसते. शेवटच्या फेरीत आलेला मुलगा वर्गात बसतो तेव्हा पहिली चाचणी तोंडावर आलेली असते. या मुलाचा पहिल्या सत्रातला ५.८ त्याच्या कुवतीबद्दल फारसे काही सांगत नाही. तो आल्या-आल्या कुठे होता एवढेच सांगतो. तरीही तो आकडा पदवीच्या शेवटच्या पानापर्यंत त्याच्या मानगुटीवर बसून राहतो, आणि सहाव्या सत्रातल्या ८.५ इतकेच त्याचे वजन असते.

जगात इतरत्र हा पेच ओळखून त्यावर उपाय केलेले आहेत. अमेरिकेतल्या एमआयटीत पहिल्या वर्षाच्या पहिल्या सत्रात श्रेणीच लागत नाही. पास झालात तर पास एवढी नोंद होते. नापास झालात तर बाहेर जाणाऱ्या निकालपत्रावर त्या विषयाची नोंदच येत नाही. दुसऱ्या सत्रात पहिल्या तीन श्रेणी दिल्या जातात, त्याखाली गेलेला विषय तसाच वगळला जातो. १९६८ च्या सुमारास पहिल्या वर्षासाठी ही सवलत सुरू झाली, पुढे २००२ नंतर तिचे आजचे रूप ठरले. त्या संस्थेचा दर्जा त्यामुळे ढासळला असे कुणी म्हणणार नाही. इंग्लंडमधल्या बऱ्याच विद्यापीठांत पहिले वर्ष पास व्हावे लागते, पण पदवीचा वर्ग ठरवताना ते धरले जात नाही. गंमत अशी की आपल्या जुन्या वार्षिक पद्धतीतही नकळत हेच शहाणपण होते : मुलाला स्थिरावायला वेळ द्या, मोजायचे ते नंतर मोजा. सत्रपद्धत आणताना आपण अमेरिकेकडून क्रेडिट घेतले, श्रेणी घेतल्या, सरासरीचे सूत्र घेतले. स्थिरावायला दिलेली सवलत तेवढी घेतली नाही, आणि आपल्याकडे होती तीही घालवली.

उलट आपल्याकडे एक चमत्कारिक व्यवस्था आहे. विषयात ३५ गुण मिळवून नापास झालेल्याला केटी लागते. तो पुन्हा परीक्षेला बसतो आणि नीट अभ्यास केला तर ६५ मिळवून वरच्या श्रेणीत जाऊ शकतो. ज्याने ४१ मिळवले तो पास. त्याला पुन्हा बसण्याची बहुतेक ठिकाणी मुभाच नाही, आणि ते चार पॉइंट त्याच्या नावावर कायमचे कोरले जातात. काही विद्यापीठांत श्रेणीसुधार परीक्षा आहे. पण ती बहुधा पदवी पूर्ण झाल्यावर, आणि तिच्या अटी परीक्षा विभागाच्या परिपत्रकांत अशा दडलेल्या की शोधणाऱ्यालाच सापडाव्यात. काठावर पास होण्यापेक्षा थोडक्यात नापास होणे फायद्याचे ठरावे, अशी रचना कुणी मुद्दाम केलेली नाही. नापासांसाठी केलेल्या सोयीत पास झालेल्यांचा विचारच झाला नाही, इतकेच. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा क्रेडिट साठवा, हवे तेव्हा वापरा असे सांगितले गेले. त्या बँकेत जमा केलेले खोटे नाणे बदलून घ्यायची खिडकी मात्र कुणी उघडली नाही.

हिशेबाची ही रीत मुलांना पहिल्याच सत्रात सांगा, असे म्हटले की पहिला आक्षेप येईल तो तत्त्वाचा : मुलांना असे पायऱ्या मोजायला शिकवले तर ती गुणांच्या मागे धावतील, विषय बाजूला राहील. आक्षेप मनापासूनचा आहे, पण वास्तवाला धरून नाही. धावणारी मुले आजही धावतातच. फरक इतकाच की काहींना रस्ता ठाऊक आहे आणि काहींना नाही. माहिती दडवल्याने गुणलोभ कमी होत नाही, तो फक्त माहीतगार घरांपुरता राखून ठेवला जातो. दुसरे असे की आकडा सुधारण्याचे आणि विषय समजण्याचे मार्ग आपण समजतो तितके वेगळे नाहीत. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचून पुन्हा वाचला. दुसरा उतारा एकदा वाचून, न बघता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचलेला उतारा थोडा जास्त आठवत होता. आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचलेल्यातले सुमारे ४२ टक्के आठवत होते, आणि लिहून काढलेल्यातले ५६ टक्के. आदल्या रात्री गाइडवर चार वेळा नजर फिरवणाऱ्याला सगळे येतेसे वाटते, त्याचे कारण हेच. सप्टेंबरपासून दर आठवड्याला जुन्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न पुस्तक मिटून सोडवणारा विद्यार्थी पॉइंटरही वाढवतो आणि विषयही शिकतो. पण ही सवय सत्राच्या सुरुवातीला लागते, परीक्षेच्या आदल्या आठवड्यात लागत नाही. तेव्हा मुद्दा पुन्हा वेळेवरच येतो.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा : नोकरीत पॉइंटर कोण विचारतो, कौशल्य पाहतात. दुसऱ्या नोकरीपासून हे खरे आहे. पहिल्या नोकरीच्या वेळी कौशल्य दाखवायचे ते आत गेल्यावर, आणि दारावर आकडाच उभा असतो. कॅम्पसमध्ये येणाऱ्या कित्येक कंपन्यांची यादी ‘दहावी, बारावी, पदवी, तिन्हीकडे ६० टक्के आणि चालू केटी नको’ या अटीने गाळली जाते. ती गाळणी माणूस लावत नाही, एक्सेल लावते. पहिल्या सत्रातून सावरत सावरत वर आलेला आलेख मुलाखत घेणाऱ्याला कदाचित आवडेल; पण तो आलेख त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पदव्युत्तर पदवीवर नेट परीक्षा द्यायची तर खुल्या गटाला तीत ५५ टक्के लागतात. सरकारी बँकांच्या भरतीत जिथे साठ टक्क्यांची अट असते, तिथे ५९.९९ म्हणजे साठपेक्षा कमी असे जाहिरातीतच छापलेले असते. एका शतांशासाठी इतकी कडक भूमिका घेणाऱ्या या जगात सीजीपीएचे टक्के करायची रीत मात्र ज्याची त्याची. सीबीएसईने दहावीसाठी ९.५ ने गुणायला सांगितले होते, तंत्रशिक्षण परिषदेच्या कोष्टकात ०.७५ वजा करून दहाने गुणले जाते, आणि अर्ज भरणारा गोंधळलेला मुलगा सरळ दहाने गुणून मोकळा होतो. ८ पॉइंटरचे टक्के पहिल्या रीतीने ७६, दुसऱ्या रीतीने ७२.५ आणि तिसऱ्या रीतीने ८०. मुंबई विद्यापीठाच्या २०१६-१७ च्या कोष्टकात कला-वाणिज्य-विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ६० गुणांनाच ८ पॉइंट मिळत. म्हणजे प्रत्येक विषयात ६० मिळवलेला मुलगा दहाने गुणून ऐंशी टक्क्यांचा होई, आणि त्यात त्याने खोटे काहीच लिहिलेले नसे. २०११ मध्ये कोष्टक सात पॉइंटांचे होते, नंतर दहाचे झाले, नव्या धोरणाबरोबर पुन्हा बदलले. एका घरातल्या तीन भावंडांच्या निकालपत्रांची आपसांत तुलना करता येऊ नये, ही स्थिती आहे.

परदेशी जाणाऱ्यांना हा घोळ आणखी महागात पडतो. जर्मनीतली विद्यापीठे परदेशी गुणांचे रूपांतर बव्हेरियन सूत्राने करतात. त्यात कमाल गुणांइतकाच पास होण्याचा किमान आकडाही लागतो. १० पैकी ७ पॉइंटर असेल आणि पास होण्याचा आकडा ४ धरला तर जर्मन श्रेणी २.५ येते, किमान ५ धरला तर २.८. तिकडे लहान आकडा चांगला, आणि २.५ ही मास्टर्सच्या प्रवेशासाठी बऱ्याच ठिकाणची सीमारेषा. निकालपत्राच्या पाठीमागे आपले कोष्टक स्पष्ट छापलेले असणे किंवा नसणे, यावर पुण्यातल्या एखाद्या मुलीचे तिकडले वर्ष ठरू शकते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सगळ्यांना आकडा वाढवायची युक्ती शिकवली, सुधारणेची संधी दिली, पहिले सत्र सैल केले, तर सगळ्यांचेच आकडे फुगतील आणि ९ पॉइंटरला काही अर्थच उरणार नाही. फुगवटा खरा आहे. काही महाविद्यालयांत अंतर्गत गुण हात सैल सोडून वाटले जातात हे उघड गुपित आहे. पण फुगवटा वरून दाबून बसवायचे प्रयत्न कसे फसतात हेही दिसले आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाने २००४ मध्ये ‘ए’ गटातल्या श्रेणी ३५ टक्क्यांच्या आसपास ठेवायचे धोरण आणले; विद्यार्थ्यांत स्पर्धा आणि कटुता वाढली, आणि २०१४ मध्ये ते मागे घेतले गेले. याहून बरा उपाय म्हणजे आकड्याशेजारी त्याचा संदर्भ छापणे. डार्टमथ कॉलेजच्या निकालपत्रावर गेली कित्येक वर्षे बहुतेक विषयांपुढे त्या वर्गाची मध्यम श्रेणी आणि विद्यार्थ्यांची संख्या छापली जाते. वाचणाऱ्याला लगेच कळते की हा ‘ए’ सगळ्यांना वाटलेला आहे की मोजक्यांना मिळालेला. यातही धोका आहेच. कॉर्नेल विद्यापीठाने १९९८ पासून मध्यम श्रेणी इंटरनेटवर जाहीर केल्या. निकालपत्रावर त्या सुरुवातीला नव्हत्या. विद्यार्थी सढळ हाताच्या विषयांकडे वळल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आणि २०११ मध्ये कॉर्नेलने ती जाहीर यादी बंद केली. त्यावरून मी असा निष्कर्ष काढतो की संदर्भ नुसता विषय निवडणाऱ्याच्या हाती देऊन भागत नाही, तो निकालपत्र वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असावा. आपल्या विद्यापीठांकडे प्रत्येक पेपरच्या निकालाची आकडेवारी संगणकावर असतेच. वर्गातल्या किती टक्के मुलांना ही श्रेणी मिळाली, एवढा एक रकाना वाढवला तर अंतर्गत गुण उधळणाऱ्या महाविद्यालयाची श्रेणी आपोआप हलकी दिसेल आणि कडक महाविद्यालयातल्या ७.२ ला न्याय मिळेल.

पहिले सत्र सैल केले तर मुले ते वाया घालवतील, असेही म्हटले जाते. काही घालवतील. पण पास व्हावे लागणारच आहे, हजेरी लागणारच आहे. फक्त श्रेणीचा आकडा सरासरीत धरायचा नाही किंवा पुढच्या दोन सत्रांत पुन्हा परीक्षा देऊन तो बदलायची मुभा द्यायची. मला दुसरा पर्याय अधिक पसंत आहे, कारण त्यात अभ्यासाला कारण उरते. ज्याला ४१ पडले त्याने पुन्हा बसावे, दोन्हींतला चांगला आकडा धरावा, आणि दुसऱ्या प्रयत्नाची खूण निकालपत्रावर राहू द्यावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही. परीक्षा विभागावरचा बोजा वाढेल हे मान्य. पण केटीच्या परीक्षा दर सत्राला होतातच, प्रश्नपत्रिका निघतातच. त्याच वर्गात आणखी काही बाके लागतील.

मोठ्या सुधारणा विद्या परिषदेत, मग व्यवस्थापन परिषदेत, मग शासन निर्णयात अडकत जातात, हे गृहीत धरू. तोवर महाविद्यालयाला कुणाच्याही परवानगीशिवाय करता येईल असेही काही आहे. आयोगाच्या सांगण्यावरून दरवर्षी नव्या मुलांसाठी ‘दीक्षारंभ’ होतो. त्यात प्राचार्यांचे भाषण होते, रॅगिंगविरोधी शपथ होते, ग्रंथालयाची फेरी होते. त्यातला एक तास एखाद्या प्राध्यापकाने फळ्यासमोर उभे राहून २२ क्रेडिटचा एक खरा निकाल सोडवून दाखवावा, तोही मराठीत : कुठला विषय किती वजनाचा, पायऱ्या कुठे आहेत, अंतर्गत गुणांची तारीख कोणती, फोटोकॉपीचा अर्ज किती दिवसांत करायचा, आपल्या विद्यापीठात श्रेणीसुधाराची सोय आहे का. पहिल्या सत्राचा निकाल लागेल तेव्हा वर्गशिक्षकाने प्रत्येकाच्या निकालपत्राखाली पेन्सिलीने एकच आकडा लिहावा : तुला साडेसात हवे असतील तर पुढच्या पाच सत्रांत इतकी सरासरी. ज्याच्या कागदावर ७.८ लिहिले असेल, त्याच्या हाती तेव्हा ११० क्रेडिट शिल्लक असतील.